समाश्रयण, अर्थात देवकाबाईंचं शून्य

ज्या माणसानं परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरायला बंदी घातली, तो एकदा आमच्या घरी चहाला यावा, एवढीच माझी इच्छा आहे. मी त्याला चहा देणार नाही. समोर कोरा कागद ठेवीन आणि म्हणेन, पाण्याला उकळी केव्हा येईल ते आधी काढा. हातानं. पायऱ्या दाखवून.

मी मुळात रागीट बाई नाही. समुद्रपुरात कोणालाही विचारा. फक्त आमच्या ह्यांना विचारू नका. हे म्हणजे किशोरराव. चौकात हार्डवेअरचं दुकान आहे, आणि दिवसभर खिळे-मोळे विकून त्यांच्या बोलण्यालाही टोक आलं आहे. लेक पुण्याला नोकरीला गेली, घर रिकामं झालं, आणि मी बाहेरून बी.कॉम.ला नाव घातलं. ह्या वयात कशाला, हे कृपा करून विचारू नका. सगळी गल्ली विचारून दमली आहे.

पहिलं वर्ष सुखात गेलं. दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र आलं आणि त्यात हा प्राणी भेटला. पुस्तकात त्याचं नाव ‘समाश्रयण’. गाइडमध्ये ‘प्रतिगमन’. जुन्या प्रश्नपत्रिकेत ‘प्रतीपगमन’. तीन नावांनी फिरणारा माणूस असता तर पोलिसांनी उचलला असता; इथे त्यालाच वीस मार्क होते.

मी लेकीला, रुचिकाला, फोन लावला.

“आई, हे कोणी हातानं करते का? मोबाइलमध्ये आकडे टाक, लगेच उत्तर येते.”

“परीक्षेत मोबाइल चालत नाई.”

“मग तो प्रश्न ऑप्शनले टाक ना.”

“कंपल्सरी हाये.”

“आई, खरं सांगू? राग नको मानू. तुले नाई जमणार हे. सोडून दे.”

मी फोन ठेवला. जिला मी पाढे शिकवताना लाटणं हातात धरून बसत असे, ती मला म्हणते जमणार नाही! जेवताना ह्यांना सांगितलं, तर हे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “पोरगी काही चूक नाई बोलली. वय झालं का डोकं नवीन माल घेत नाई.”

त्यावर आमचं जे भांडण झालं, ते शेजारच्या शालूबाईंनी आपल्या ओट्यावरून शेवटपर्यंत ऐकलं. त्याच भांडणातून परीक्षेसाठी द्यायच्या माझ्या प्रकल्पाचा विषय निघाला. पण आधी वासुदेवराव गुरुजी.

वासुदेवराव गुरुजी हायस्कूलमधून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून शिकवायला कोणी सापडतं का म्हणून गल्लीत नजर ठेवून असतात. मी पुस्तक घेऊन गेले तर त्यांचा चेहरा उजळला. पहिला तास ‘समाश्रयण’ या शब्दाचा अर्थ लावण्यात गेला. सम् म्हणजे चांगला, आश्रयण म्हणजे आधार. दुसरा तास ‘प्रतिगमन’वर. गमन म्हणजे जाणे, प्रति म्हणजे उलट.

“म्हणजे मागं जाणं,” गुरुजी म्हणाले. “पण सरिताबाई, शिक्षणानं माणूस पुढं गेला पाहिजे. मागं जायचं काऊन शिकवून राह्यले हे लोक?”

“गुरुजी, गणित सांगा ना.”

“गणित सोपं असते. शब्द पक्का पाहिजे.”

ते खरंच सोपं होतं, हे मला घरी येऊन स्वतः पुस्तकाशी झटल्यावर कळलं, आणि माझा राग दुप्पट झाला. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या घ्यायच्या. पाऊस किती आणि पीक किती, असं काहीतरी. प्रत्येक जोडीचा कागदावर एक ठिपका. सगळ्या ठिपक्यांच्या मधून, कोणाचंच मन फार न दुखवता जाणारी एक सरळ रेघ काढायची. तिचा चढ मोजायचा. त्यासाठी दोन्हींची सरासरी काढा, प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिहा, त्या अंतरांचे गुणाकार करा, बेरीज करा, मग पहिल्या अंतरांच्या वर्गांच्या बेरजेनं भागा. झालं. एवढ्यासाठी तीन नावं!

आता प्रकल्प. ‘आपल्या परिसरातून किमान आठ जोड्यांची माहिती स्वतः गोळा करून हाताने गणन करावे.’ पाऊस आणि कापूस सगळेच करतात. मला ह्यांच्या भाकरीच्या तुकड्याची आठवण होती. मी पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात विषय लिहिला: लग्नाला झालेली वर्षं आणि आठवड्यातून होणारी भांडणं.

बायकांनी दार उघडून स्वागत केलं. आजवर या विषयाची माहिती घ्यायला त्यांच्याकडे कोणी आलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात किती झाली, एवढंच मी विचारायची, आणि जी ती आकडा सांगण्याआधी कारणं सांगायची. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेल्या प्रेरणानं स्वयंपाकघराकडे बघून हळूच एक बोट वर केलं. पंधरा वर्षं झालेल्या शालूबाईंनी पाच सांगितली. आमच्या घराची सव्वीस वर्षं आणि अकरा भांडणं. माझा आकडा मी लपवला नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र.

सात घरं झाली. सात ठिपके शहाण्या पोरांसारखे ओळीनं वर चढत गेले. जितकी वर्षं जास्त, तितकी भांडणं जास्त. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना हाक मारून कागद दाखवला. पुस्तकातल्या आकृतीतसुद्धा इतके आज्ञाधारक ठिपके नव्हते. आता फक्त आठवं घर हवं होतं.

आठवं घर म्हणजे समोरचे भैय्याजी आणि देवकाबाई. लग्नाला चाळीस वर्षं. काकू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“काकू, आठवड्यात किती भांडणं होतात?”

“एकबी नाई.”

“चहावरून? भाजीवरून?”

“नाई वं. शून्य लिही.”

मी शून्य लिहिलं. शास्त्र म्हणजे शास्त्र, हे मी थोड्या वेळापूर्वी म्हणाले होते, ते आता माझ्याच अंगाशी आलं. माझ्या त्या सुंदर चढावर, उजव्या टोकाला, अगदी तळाशी, एक ठिपका जाऊन बसला. लग्नात रुसून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसणारा एक पाहुणा असतो, तसा.

तरी मी गणित केलं. वर्षांची सरासरी नेमकी सोळा आली, भांडणांची नेमकी चार. इतक्या गोल सरासऱ्या पाहून मी देवघरात दिवा लावला. मग अंतरं, मग गुणाकार. पहिल्या खेपेला देवकाबाईंच्या घराचा गुणाकार शहाण्णव आला आणि मी तो बेरजेत मिळवला. रेघ झकास वर गेली. मग लक्षात आलं, भांडणं सरासरीपेक्षा कमी आहेत, म्हणजे ते वजा शहाण्णव! मी “वजा!” असं एवढ्या जोरात ओरडले की हे आंघोळीतून विचारायला लागले, काय कमी पडलं म्हणून.

वजा शहाण्णवनं सत्यानाश केला. सगळी बेरीज उरली त्रेपन्न. भागायचं एक हजार नव्वदनं. चढ आला शून्य पूर्णांक शून्य पाच. म्हणजे वीस वर्षं संसार करा, तेव्हा कुठे आठवड्याला एक भांडण वाढतं. रेघ जवळजवळ आडवी पडली होती. एका घराच्या शांततेनं सात घरांची मेहनत झोपवली.

ह्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. “या रेघेप्रमाणं सव्वीस वर्षांले किती यायले पाहिजे?”

मी काढून सांगितलं. साडेचार.

“आन् आपले अकरा. मग वरचे साडेसहा कोणाचे?”

“तुमचे.”

“अकरा मोजले कोणं? माह्या हिशेबानं तीन झाले.”

“तीन मोठे. आठ लहान.”

“लहान धरत नसतात.”

पुस्तकात लहान-मोठं असं काही नाही, भांडण म्हणजे भांडण, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते बारावं झालं. पण आठवडा संपला होता, म्हणून मोठ्या मनानं मी ते धरलं नाही.

इकडे देवकाबाईंचं शून्य शालूबाईंच्या मार्फत गल्लीभर झालं. वासुदेवराव गुरुजी तर भारावूनच गेले. “चाळीस वर्षं आन् एक भांडण नाई! आदर्श दाम्पत्य!” ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळातर्फे दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दोघांचा जुना फोटो आणि खाली फुलांचे गुच्छ. ज्या शून्यानं माझी रेघ मोडली, त्या शून्याला शाल! मला एका माणसानं विचारलं नाही की बाई, तू वजाबाक्या करून करून कशी आहेस.

प्रकल्प घेऊन हिंगणघाटच्या अभ्यासकेंद्रावर गेले. तिथले भूपेंद्र सर माझ्या लेकीच्या वयाचे. पानं उलटत म्हणाले, “मॅडम, गणित चांगलं केलं. पण सह्या कुठं आहेत?”

“माझी आहे की शेवटी.”

“तुमची नाही. माहिती देणाऱ्यांची. दर घरातून दोघांची. नवऱ्याची आणि बायकोची.”

“हे सूचनांमध्ये लिहिलं नव्हतं.”

“नवीन परिपत्रक आहे.”

“दाखवा.”

“अजून आलं नाही. पण येणार आहे.”

जे परिपत्रक आलंच नाही, त्याच्यासाठी मी परत बस धरली. बायकोनं सांगितलेल्या भांडणांच्या आकड्यावर नवऱ्याची सही आणायची, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचं लग्न झालेलं नसणार, एवढं मी लेखी देते.

शालूबाईंच्या घरी त्यांचे यजमान खुशालराव कागद पाहून उठूनच उभे राहिले. “पाच? मी तं त्या आठवड्यात घरीच नोतो. वडनेरले गेलतो.”

“फोनवर झाले ना पाच,” शालूबाई आतून म्हणाल्या.

“फोनचे धरतात का, वहिनी?”

“धरतात,” मी म्हणाले. तेवढ्यावरून त्यांचं सहावं सुरू झालं. पलीकडे प्रेरणाच्या सासूबाईंनी कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, “हे एक कशावरून झालं होतं?” त्या घरातून मी सही घेऊन निघाले तेव्हा आत दुसरं तयार होत होतं. माझ्या सर्वेक्षणानं गल्लीतली भांडणं वाढवली, असं लोक उघड बोलू लागले. हे दुकानातून येऊन म्हणाले, गिऱ्हाइकं खिळे घेताना विचारतात, वहिनी आमच्या घरी कधी येणार.

उरलं देवकाबाईंचं घर. दुपारी गेले. भैय्याजी खाटेवर बसले होते, काकू पाट मांडून मेथी निवडत होत्या. काकूंनी लगेच सही केली. मग मान वळवली आणि फ्रिजकडे पाहून म्हणाल्या, “सही पाहिजे म्हणा.”

भैय्याजींनी वर पंख्याकडे पाहिलं. “कशाची, म्हणा.”

“सरिताच्या अभ्यासाची, म्हणा.”

“चष्मा कुठं हाये, म्हणा.”

“खिडकीत हाये, म्हणा.”

फ्रिज आणि पंखा दोघेही गप्प होते. मी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि मला कळलं की चाळीस वर्षांच्या संसारातलं ते शून्य कसलं आहे.

काकू मला आत घेऊन गेल्या. “भांडाले बोला लागते, सरिता,” त्या हळू म्हणाल्या. “नदीकाठी भाजीची वाडी होती आपली. वांगे, मिरच्या, मेथी, सारं माह्या हातचं. बाजारात लोक माह्या नावानं मिरची मागत. याईनं एक दिवस परभारे इकून टाकली. मले घरी नाई समजलं. बाजारात एका भाजीवालीनं सांगतलं. मंग मी काय बोलू? तवापासून नाई बोलली.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तेवढ्यात बाहेरून भैय्याजींचा आवाज आला. ते पंख्याला सांगत होते की मी सही करत नाही. “शून्य खोटं हाये, म्हणा. माह्यं रोज होते. मनात.”

आणि माझं डोकं फिरलं. कॅल्क्युलेटर बंद करणारा तो माणूस, तीन नावं, पोरीचा फोन, न आलेलं परिपत्रक, सगळं एकदम वर आलं. मी बैठकीत गेले, काकू मेथीची जुडी घेऊन मागोमाग आल्या, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहिले.

“मनातलं धरत नाई, काका! आवाज व्हा लागते! मी रोज भांडते, तं मले लोक वरचे साडेसहा कोणाचे म्हणून विचारतात. आन् तुमी एकमेकाईसंगं बोलत नाई, तं तुमाले शाल! गुरुजी नारळ आणाले गेले, मालूम हाये का? मी बेरजा करून करून आंधळी व्हायची राह्यली. बोलत असान तं सही करा, नसान बोलत तं तसं लिहून द्या. पण त्या पंख्याले सांगू नका! पंख्याची सही चालत नाई मले!”

काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. भैय्याजींनी पंख्यावरची नजर काढली. ती खाली आणायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं.

“तू शून्य काऊन सांगतलं?”

“मंग किती सांगू?” काकूंचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं रडतात. रडत नव्हत्या. “किती सांगू? बोलले का तुमी माह्यासंगं?”

“तू बोलू देल्लं का?”

“तुमी इकतानी इचारलं का?”

“इहीर आटली होती!”

“माह्या मिरच्या नोत्या आटल्या!”

आणि मग जे सुरू झालं, त्यापुढे आमची अकराच्या अकरा भांडणं म्हणजे बालवाडी होती. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं. कोणाच्या लग्नात कोणी कोणाला गाडीत बसवलं नाही, दवाखान्यात कोण एकटं गेलं, कोणाच्या ताटात मीठ मुद्दाम जास्त पडत होतं. दारात माणसं जमली. वासुदेवराव गुरुजी शाल आणि नारळ घेऊन सगळ्यात पुढे होते. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, शालीची घडी लहान केली आणि काखेत दाबून धरली.

“मले वाटलं तू थकून गेली,” भैय्याजी शेवटी म्हणाले. “रोज सकाळी कंबर धरून उठत होती. म्हणून इकली.”

“थकली होती. पण इचारा लागत होतं.”

भैय्याजी खाटेच्या काठावर टेकले. “हो,” ते म्हणाले. “इचारा लागत होतं.”

सही राहिली ती राहिलीच. मी घरी आले, चहा केला आणि कप हातात घेतला, तोच काकू दारात. चेहरा लाल, पदर खोचलेला.

“सरिता, ते शून्य खोड. एक लिही. मोठ्ठं लिही. तेईनं बी सही करतो म्हणलं.”

“काकू, तो आठवडा गेला. आता बदललं तं सगळं गणित बदलते.”

“मंग बदल. खोटं होतं ते शून्य.”

मी एक लिहिलं. भांडणांची सरासरी माझी गोल, गोंडस, दिवा लावून मिळवलेली चार होती. ती झाली चार पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश. आठही घरांची अंतरं दशांशचिन्हात गेली. एका घराचा आकडा बदलला म्हणून बाकीच्या सातांना शिक्षा, हा कुठला न्याय? मी सगळे गुणाकार पुन्हा केले, हातानं, पायऱ्या दाखवून, आणि प्रत्येक पायरीला संख्याशास्त्र निर्माण करणाऱ्यांच्या घराण्याचा उद्धार केला. बेरीज सत्याहत्तर आली. चढ शून्य पूर्णांक शून्य सात. समोरच्या घरातून अजून आवाज येत होते. हे खिडकी लावायला उठले.

“राहू द्या उघडी,” मी म्हणाले.

हे खिडकीपाशीच थांबले. थोड्या वेळानं विचारलं, “तुले हे सारं हातानं आलं?”

“आलं.”

“मले समजावून सांगशील का? नाई, असंच.”

मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. पण त्यांनी पूर्ण ऐकलं, मधे दुकानाचा फोन वाजला तरी उचलला नाही.

तोंडी परीक्षेत भूपेंद्र सरांनी विचारलं, “मॅडम, या रेषेवरून निष्कर्ष काय?”

“काही नाई.”

“म्हणजे?”

“म्हणजे लग्नाला किती वर्षं झाली यावरून घरात काय चालू हाये ते सांगता येत नाई. घरात जाऊन विचारा लागते.”

सरांनी मान हलवली. “उत्तर बरोबर आहे. चढ इतका कमी असला की असंच म्हणायचं असतं.” मग देवकाबाईंच्या ओळीवर लाल गोल काढून दोन मार्क कापले. कारण, खाडाखोड.

मी वाद घातला. खोटा आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला असता तर पूर्ण मार्क आणि खरा आकडा खोडून लिहिला तर दोन कमी, हे कोणत्या पुस्तकात आहे ते दाखवा म्हणाले. ते म्हणाले, परिपत्रक येणार आहे. मी पास होते, चांगली पास होते, आणि इतकी संतापलेली होते की बसस्टँडपर्यंत उन्हात चालत गेले.

समुद्रपूरची गाडी लागलेली होती. चढले, तर पुढच्या तीन जणांच्या बाकाजवळ भैय्याजी आणि देवकाबाई उभे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते. मागे लोक खोळंबलेले, कंडक्टर ओरडतोय, आणि हे दोघं खिडकीवरून भांडताहेत.

“येतानी तुमीच बसले होते.”

“येतानी ऊन तिकडून होतं!”

काकूंना मी दिसले. “हे पाय, सरिता आली! शिकलेली बाई हाये, तीच सांगन. सांग वं, खिडकी कोणाची?”

“हो, सांग,” भैय्याजी म्हणाले. “इमानदारीनं सांग.”

मी दोघांना बाजूला सारलं आणि खिडकीत स्वतः बसले.

उरलेल्या दोन जागांवर त्यांना एकमेकांना खेटून बसावं लागलं. गाडी निघाली. समुद्रपूर येईपर्यंत दोघंही मला बोलत होती, एकाच वेळी, एकच गोष्ट.